ऑर्थोडॉन्टिक रुग्णांमधील दंतविकृतींचे प्रमाण

दातांची संख्या, आकार, आकारमान, रचना किंवा उगवण्याची जागा यांमध्ये वाढीच्या काळात निर्माण होणाऱ्या दोषांना दंतविकृती असे म्हणतात. वेडेवाकडे, पुढे आलेले किंवा विरळ दात आणि जबड्यांची सदोष ठेवण सुधारणाऱ्या दंतवैद्यकाच्या शाखेस ऑर्थोडॉन्टिक्स ही संज्ञा आहे. या शाखेतील उपचार बोलीभाषेत 'दातांना तार बसवणे' किंवा 'क्लिप लावणे' या नावांनी परिचित आहेत. अशा उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांपैकी कितीजणांमध्ये एखादी तरी दंतविकृती आढळते, हा दंतवैद्यकातील सातत्याने अभ्यासला गेलेला विषय आहे.

या प्रश्नाला मिळालेली उत्तरे एकमेकांपासून फार दूर आहेत. प्रसिद्ध अभ्यासांमधील एकूण प्रमाण सुमारे ५ टक्क्यांपासून सुमारे ७५ टक्क्यांपर्यंत जाते. ही तफावत मुख्यतः कोणत्या दोषांना विकृती मानले, कोणते दात मोजले आणि तपासणी कशी केली यांवर अवलंबून असते. मात्र एकेका विकृतीचे स्वतंत्र प्रमाण पाहिल्यास चित्र बरेच स्थिर दिसते. रुग्णाच्या दृष्टीने या अभ्यासांतून निघालेला महत्त्वाचा निष्कर्ष असा, की काही विकृती एकाच व्यक्तीमध्ये सोबतीने आढळतात. त्यामुळे एक विकृती दिसली की इतर विकृतींचा शोध घेणे आवश्यक ठरते. काही विकृतींच्या बाबतीत हा शोध वेळेत लागल्यास पुढील मोठे उपचार टळू शकतात.

पार्श्वभूमी

मनुष्याला दुधाचे २० आणि कायमचे ३२ दात येतात. कायमच्या दातांमध्ये पटाशीचे ८, सुळे ४, उपदाढा ८ आणि दाढा १२ असतात. दाढांपैकी ४ अक्कलदाढा होत. प्रत्येक दात जबड्यातील दंतांकुरापासून तयार होतो. दंतांकुराची निर्मिती, त्याला आकार येणे, कठीण आवरण तयार होणे, मूळ वाढणे आणि दात हिरडीबाहेर येणे या टप्प्यांना अनेक वर्षे लागतात. ज्या टप्प्यावर अडथळा येतो, त्यानुसार विकृतीचा प्रकार ठरतो. अगदी सुरुवातीला अडथळा आल्यास दात तयारच होत नाही. आकार येण्याच्या टप्प्यावर आल्यास दात लहान किंवा वेडावाकडा होतो. शेवटच्या टप्प्यावर आल्यास पूर्ण तयार झालेला दात भलत्या जागी उगवतो किंवा जबड्यातच अडकून राहतो.

दंतविकृती आणि दातांची सदोष ठेवण या दोन भिन्न गोष्टी आहेत. सर्व दात संख्येने व आकाराने निर्दोष असूनही जबड्यात जागा अपुरी असल्यास 'दातावर दात' येऊ शकतात. उलट एखादा कायमचा दात मुळातच नसूनही त्याच्या जागी दुधाचा दात टिकून राहिल्यास रांग सरळ दिसू शकते. तथापि दोन्हींचा परस्परसंबंध निकटचा आहे. दात कमी असल्यास फटी पडतात, जास्त असल्यास गर्दी होते आणि भलत्या जागी उगवलेला दात शेजारच्या दातांना ढकलतो.

दंतविकृतींचे प्रकार

विकृतींचे वर्गीकरण साधारणपणे चार गटांत केले जाते.

संख्येतील विकृती : एक किंवा अधिक दात जन्मतःच नसणे, यास हायपोडोंशिया म्हणतात. अक्कलदाढा वगळून सहा किंवा त्याहून अधिक दात नसल्यास ऑलिगोडोंशिया ही संज्ञा वापरतात. नेहमीपेक्षा अधिक दात असणे यास हायपरडोंशिया म्हणतात. वरच्या जबड्यातील दोन मध्य पटाशीच्या दातांच्या दरम्यान येणारा मेसिओडेन्स हा जादा दातांचा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. तो अनेकदा हाडातच राहतो आणि मुख्य दाताची वाट अडवतो.

आकार व आकारमानातील विकृती : दात प्रमाणापेक्षा लहान किंवा मोठा असणे, दोन दात जोडलेले असणे, दाताचा पृष्ठभाग आत दुमडला जाऊन पोकळी तयार होणे, दातावर जादा उंचवटा येणे, मूळ वाकलेले असणे आणि दाढेतील मगजाची पोकळी प्रमाणाबाहेर लांब असणे हे प्रकार यात येतात. वरच्या जबड्यातील बाजूचा पटाशीचा दात खुंटीसारखा निमुळता असणे ही या गटातील सहज ओळखू येणारी विकृती होय.

स्थान व उगवणीतील विकृती : दात हाडात अडकणे, चुकीच्या दिशेने उगवणे आणि दोन शेजारच्या दातांनी जागांची अदलाबदल करणे यांचा या गटात समावेश होतो. दुधाची दाढ हाडाला चिकटून शेजारच्या दातांच्या पातळीखाली राहते, तीही याच गटात गणली जाते.

रचनेतील विकृती : एनॅमल किंवा डेंटिन यांची जडणघडण सदोष असल्यास दात पिवळसर, ठिसूळ किंवा खडबडीत होतात. काही मुलांमध्ये पहिल्या कायमच्या दाढा आणि पटाशीचे दात यांच्यापुरताच एनॅमलचा दोष आढळतो. जागतिक स्तरावरील एकत्रित विश्लेषणांनुसार या दोषाचे प्रमाण सुमारे १३ ते १४ टक्के आहे.

एकूण प्रमाण

ऑर्थोडॉन्टिक रुग्णांवरील तीन अभ्यासांची तुलना केल्यास आकड्यांतील तफावत स्पष्ट होते. ऑस्ट्रेलियात १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १११ रुग्णांपैकी ७४.७७ टक्के रुग्णांमध्ये किमान एक विकृती आढळली. तुर्कस्तानात २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३,०४३ रुग्णांपैकी केवळ ५.४६ टक्के रुग्णांमध्ये विकृती नोंदवली गेली. त्याच देशात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ९०० रुग्णांमध्ये हे प्रमाण ४०.३ टक्के होते.

दोन वर्षांच्या अंतराने प्रसिद्ध झालेल्या, एकाच देशातील दोन अभ्यासांत सातपटींहून अधिक फरक पडतो, तेव्हा त्याचे कारण लोकांच्या दातांपेक्षा मोजणीच्या पद्धतीत शोधावे लागते. २००७ च्या अभ्यासाचा भर दातांची संख्या, आकार आणि रचना यांतील ठळक विकृतींवर होता. २००९ च्या अभ्यासात अडकलेले दात, आखूड मुळे, मगजातील खडे आणि लांबट पोकळीच्या दाढा अशा केवळ क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या गोष्टीही विचारात घेतल्या होत्या. ऑस्ट्रेलियातील अभ्यासात सर्वाधिक आढळलेली विकृती म्हणजे दाताचा पृष्ठभाग आत दुमडला जाणे ही होती. तिचे सौम्य रूप पटाशीच्या दातांच्या मागील बाजूस लहानशा खाचेच्या स्वरूपात असते. ही खाच विकृतीत धरायची की नैसर्गिक वैविध्यात, यावर एकूण आकडा लक्षणीयरीत्या बदलतो.

आकडे बदलण्याची कारणे

मोजलेले दात : अक्कलदाढ मोजणीत धरली आहे किंवा नाही, हा पहिला प्रश्न होय. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार जगभरात सुमारे २२.६ टक्के व्यक्तींमध्ये किमान एक अक्कलदाढ मुळातच तयार होत नाही. साहजिकच ती मोजणीत धरल्यास 'दात नसणे' या विकृतीचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. म्हणून बहुतेक अभ्यासांत अक्कलदाढा वगळल्या जातात.

तपासणीचे वय : सर्व दंतांकुर एकाच वयात क्ष-किरण चित्रात दिसत नाहीत. खालच्या जबड्यातील दुसरी उपदाढ काही मुलांमध्ये उशिरा, अगदी आठव्या-नवव्या वर्षापर्यंत दिसू लागते. त्यापूर्वी घेतलेल्या चित्रावरून ती 'नाही' असे ठरवल्यास निदान चुकू शकते. उलट मोठ्या वयाच्या रुग्णाचा दात किडीमुळे किंवा अपघातामुळे गेला की जन्मतःच नव्हता, हे पूर्वीच्या नोंदींशिवाय सांगणे कठीण असते.

तपासणीचे साधन : केवळ तोंडात पाहून केलेल्या तपासणीत हाडातील जादा किंवा अडकलेले दात सुटून जातात. ऑर्थोडॉन्टिक उपचारांपूर्वी दोन्ही जबड्यांचे एकत्रित क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत आहे. ओपीजी या नावाने ते ओळखले जाते. त्यामुळे या रुग्णांमध्ये एरवी लक्षात न आलेल्या विकृतीही नोंदवल्या जातात. त्रिमितीय छायाचित्रणात आणखी बारकावे दिसतात.

रुग्णांची निवड : ऑर्थोडॉन्टिक तज्ज्ञाकडे येणारे रुग्ण हे समाजाचा यादृच्छिक नमुना नसतात. फटी, गर्दी किंवा न उगवलेला दात यांमुळेच ते उपचारांसाठी येतात. शिवाय अशा रुग्णांमध्ये मुलींची संख्या बहुधा मुलांपेक्षा अधिक असते आणि दात नसण्याची विकृतीही स्त्रियांमध्ये अधिक आढळते. त्यामुळे लिंगनिहाय विभागणी न करता दिलेला आकडा दिशाभूल करू शकतो.

नमुन्याचे आकारमान : शंभर-सव्वाशे रुग्णांच्या अभ्यासात थोडक्या रुग्णांनीही टक्केवारी बदलते. दुर्मीळ विकृतींचे प्रमाण ठरवण्यासाठी हजारोंच्या संख्येतील नमुना लागतो.

प्रमुख विकृतींचे स्वतंत्र प्रमाण

दात नसणे. कायमचे दात नसण्याविषयीच्या अभ्यासांचे २००४ मध्ये एकत्रित विश्लेषण करण्यात आले. त्यानुसार अक्कलदाढा वगळता हे प्रमाण युरोपात ५.५ टक्के, ऑस्ट्रेलियात ६.३ टक्के आणि उत्तर अमेरिकेतील श्वेतवर्णीयांमध्ये ३.९ टक्के होते. स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या १.३७ पट होते. खालची दुसरी उपदाढ सर्वांत अधिक वेळा अनुपस्थित असते. त्याखालोखाल वरचा बाजूचा पटाशीचा दात आणि वरची दुसरी उपदाढ यांचा क्रम लागतो. दात नसलेल्यांपैकी ८३ टक्के व्यक्तींमध्ये एक किंवा दोनच दात कमी होते. सहा किंवा अधिक दात नसणाऱ्यांचे प्रमाण केवळ ०.१४ टक्के होते.

खुंटीसारखा पटाशीचा दात. २०१३ मधील एकत्रित विश्लेषणात वरच्या बाजूच्या पटाशीच्या दाताच्या या विकृतीचे एकूण प्रमाण १.८ टक्के आढळले. त्यात तीन गटांची स्वतंत्र आकडेवारी उपलब्ध आहे : सर्वसाधारण लोकांमध्ये १.६ टक्के, दंतचिकित्सेसाठी आलेल्या रुग्णांमध्ये १.९ टक्के आणि ऑर्थोडॉन्टिक रुग्णांमध्ये २.७ टक्के. रुग्णांच्या निवडीचा आकड्यांवर होणारा परिणाम या उदाहरणात स्पष्ट दिसतो. याच विश्लेषणानुसार एका बाजूचा दात खुंटीसारखा असल्यास दुसऱ्या बाजूचा तोच दात मुळात नसण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के असते.

जादा दात. कायमच्या दातांमध्ये जादा दातांचे प्रमाण साधारणपणे १ ते ३ टक्के असते. ही विकृती पुरुषांमध्ये स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आढळते.

अडकलेला सुळा. अक्कलदाढेखालोखाल वरचा सुळा अडकण्याचे प्रमाण अधिक असून ते सुमारे १ ते ३ टक्के आहे. स्त्रियांमध्ये ही विकृती अधिक दिसते.

दातांची अदलाबदल. दोन शेजारच्या दातांनी जागा बदलण्याचे प्रमाण २०१० मधील एकत्रित विश्लेषणानुसार ०.३३ टक्के आहे. यात वरचा सुळा बहुधा सहभागी असतो.

वेगवेगळ्या प्रदेशांतील आकड्यांची थेट तुलना करणे धोक्याचे असते. उत्तर स्वीडनमधील सात वर्षांच्या ७३९ मुलांच्या, म्हणजेच उपचारांसाठी न निवडलेल्या मुलांच्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दात नसण्याचे प्रमाण ७.४ टक्के होते. तुर्कस्तानातील २००७ च्या अभ्यासात ऑर्थोडॉन्टिक रुग्णांमध्ये ते केवळ २.६३ टक्के होते. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यास उपचारांसाठी आलेल्यांमध्ये विकृती कमी असतात, असा चुकीचा अर्थ निघेल. योग्य तुलनेसाठी एकाच प्रदेशातील, समान वयाचे आणि एकाच पद्धतीने तपासलेले दोन गट आवश्यक असतात.

भारतातील अभ्यास

भारतातील प्रसिद्ध अभ्यासांतही अशीच तफावत आढळते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दंतचिकित्सेसाठी आलेल्या २०,१८२ रुग्णांपैकी ३५० रुग्णांमध्ये, म्हणजे १.७३ टक्के व्यक्तींमध्ये, विकासजन्य दंतविकृती नोंदवल्या गेल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १,१२३ रुग्णांपैकी ३८५ रुग्णांमध्ये, म्हणजे ३४.२८ टक्के व्यक्तींमध्ये, किमान एक विकृती होती. २०१३ मध्ये ४,१३३ क्ष-किरण चित्रांच्या आधारे केलेल्या अभ्यासात हे प्रमाण ३६.७ टक्के आढळले.

पहिल्या दोन आकड्यांतील जवळपास वीसपट फरक केवळ प्रादेशिक किंवा आनुवंशिक कारणांनी स्पष्ट होत नाही. शिवाय हे सर्व अभ्यास दंतचिकित्सेसाठी आलेल्या रुग्णांचे आहेत. 'भारतीयांमध्ये दंतविकृतींचे प्रमाण अमुक टक्के' असे विधान त्यांच्या आधारे करता येत नाही.

एकत्र आढळणाऱ्या विकृती

इटालियन ऑर्थोडॉन्टिक तज्ज्ञ टिझियानो बाचेट्टी यांनी १९९८ मध्ये सात विकृतींच्या परस्परसंबंधांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पुढील पाच विकृतींचा एकमेकींशी लक्षणीय संबंध आढळला :

- दुसरी उपदाढ नसणे
- वरचा बाजूचा पटाशीचा दात लहान असणे
- दुधाची दाढ पातळीखाली राहणे
- एनॅमलची वाढ अपुरी असणे
- वरचा सुळा टाळूच्या बाजूला सरकणे

जादा दातांचा मात्र या विकृतींशी संबंध दिसला नाही. त्यांची कारणे वेगळी असावीत, असे त्यावरून मानले जाते. तत्पूर्वी १९९४ मध्ये शेल्डन पेक, लीना पेक आणि मट्टी कटाया यांनी टाळूकडे सरकलेला सुळा ही आनुवंशिक मूळ असलेली विकृती असल्याचे प्रतिपादन केले होते. अशा रुग्णांमध्ये इतर दात लहान किंवा अनुपस्थित असण्याचे प्रमाण अधिक असणे आणि ही विकृती कुटुंबांत आढळणे, हे त्यांच्या युक्तिवादाचे आधार होते.

या निष्कर्षांचा व्यवहारातील उपयोग मोठा आहे. पातळीखाली राहिलेली दुधाची दाढ किंवा खुंटीसारखा पटाशीचा दात सात-आठ वर्षांच्या वयातच दिसतो. वरचा सुळा मात्र अकराव्या-बाराव्या वर्षी उगवतो. आधी दिसणारी विकृती ही नंतर उद्भवणाऱ्या विकृतीची पूर्वसूचना ठरू शकते.

कारणे

दात नसण्याच्या विकृतीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. १९९६ मध्ये एमएसएक्स-१, २००० मध्ये पॅक्स-९ आणि २००४ मध्ये ॲक्सिन-२ या जनुकांतील बदलांचा या विकृतीशी संबंध दाखवण्यात आला. ॲक्सिन-२ चा शोध फिनलंडमधील एका कुटुंबाच्या अभ्यासातून लागला. त्या कुटुंबात अनेक दात नसण्याबरोबरच मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची प्रवृत्तीही होती. पुढे डब्ल्यूएनटी-१०-ए या जनुकातील बदल अनेक रुग्णांमध्ये आढळले.

आनुवंशिकतेचे एक जुने उदाहरण सिंध प्रांतातील आहे. चार्ल्स डार्विन यांनी पाळीव प्राणी व वनस्पती यांच्यातील बदलांवरील आपल्या ग्रंथात सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची माहिती दिली आहे. त्या काळी सिंध मुंबई इलाख्यात समाविष्ट होता. या कुटुंबातील चार पिढ्यांमधील दहा पुरुषांना दोन्ही जबडे मिळून केवळ चार लहान व दुबळे पटाशीचे दात आणि आठ दाढा होत्या. त्यांच्या अंगावर केस फार थोडे होते, त्यांना लवकर टक्कल पडत असे आणि उन्हाळ्यात त्वचेच्या अतिकोरडेपणाचा त्रास होत असे. मुलींमध्ये हा दोष दिसत नसला, तरी तो त्यांच्यामार्फत त्यांच्या मुलग्यांमध्ये उतरत असे. या वर्णनाशी जुळणारा विकार आज हायपोहायड्रोटिक एक्टोडर्मल डिस्प्लेझिया या नावाने ओळखला जातो. त्याच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारास कारणीभूत असलेले एक्स गुणसूत्रावरील जनुक १९९६ मध्ये निश्चित झाले.

याशिवाय दुभंगलेले ओठ व टाळू, डाऊन सिंड्रोम आणि क्लायडोक्रेनियल डिस्प्लेझिया यांसारख्या स्थितींत दंतविकृती अधिक प्रमाणात आढळतात. शेवटच्या विकारात जादा दात अनेक असतात. लहान वयात घेतलेले कर्करोगाचे उपचार वाढत्या दंतांकुरांना बाधक ठरू शकतात. पडल्यामुळे दुधाच्या पटाशीच्या दाताला मार बसल्यास त्याच्या वरील कायमच्या दाताचे मूळ वाकू शकते किंवा त्याच्या एनॅमलवर डाग राहू शकतो.

निदान

निदानाची सुरुवात दात मोजण्यापासून होते. एका बाजूचा कायमचा दात उगवूनही दुसऱ्या बाजूचा तोच दात सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ न उगवल्यास तपासणी आवश्यक मानली जाते. उगवण्याचा क्रम बदलणे आणि दुधाचा दात योग्य वयात न हलणे, हीदेखील विचारात घेण्याजोगी लक्षणे आहेत.

वरच्या सुळ्यासाठी साध्या स्पर्शतपासणीला विशेष महत्त्व आहे. योग्य मार्गाने खाली येणाऱ्या सुळ्याचा उंचवटा दहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या आतील बाजूस बोटाने जाणवतो. तो जाणवत नसल्यास किंवा दोन बाजूंत फरक वाटल्यास क्ष-किरण चित्र घेऊन सुळ्याची जागा निश्चित केली जाते.

सरकलेला सुळा अनेकदा कोणतीही वेदना न देता शेजारच्या दातांची मुळे झिजवतो. स्वीडनमधील सुने एरिक्सन आणि युरी कुरोल यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सीटी स्कॅनवर आधारित अभ्यासात सरकलेल्या सुळ्यांच्या बाजूच्या ३८ टक्के पार्श्व आणि ९ टक्के मध्य पटाशीच्या दातांची मुळे झिजल्याचे आढळले. साध्या क्ष-किरण चित्रांत यांपैकी बरीच झीज दिसून येत नाही. तथापि त्रिमितीय चित्रणात किरणांची मात्रा अधिक असते. म्हणून ते सरसकट न करता ज्या रुग्णात त्यामुळे उपचारांचा निर्णय बदलू शकतो, त्याच्यापुरते मर्यादित ठेवले जाते.

उपचारांवरील परिणाम

सुळा टाळूकडे सरकत असल्याचे वेळेत लक्षात आल्यास दुधाचा सुळा काढणे हा तुलनेने साधा उपाय आहे. एरिक्सन आणि कुरोल यांच्या १९८८ च्या अभ्यासात १० ते १३ वर्षांच्या ३५ मुलांमधील ४६ सुळ्यांबाबत हा उपाय करण्यात आला. त्यांपैकी ३६ सुळे, म्हणजे ७८ टक्के, योग्य मार्गावर आले. ज्या सुळ्याचा माथा पार्श्व पटाशीच्या दाताच्या मध्यरेषेपलीकडे गेला नव्हता, त्यांत यशाचे प्रमाण ९१ टक्के होते. मध्यरेषा ओलांडलेल्या सुळ्यांत ते ६४ टक्के होते. या अभ्यासात तुलनेसाठी उपचार न केलेला गट नव्हता. ती उणीव पुढील अभ्यासांनी भरून काढली. स्वीडनमध्येच २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत दुधाचा सुळा काढलेल्या गटात ६९ टक्के, तर न काढलेल्या गटात ३९ टक्के सुळे आपोआप उगवले. म्हणजे काही सुळे उपायाविनाही मार्गावर येतात, परंतु उपायाने ही शक्यता बरीच वाढते. वेळ निघून गेल्यास शस्त्रक्रियेने सुळा उघडा करून त्याला तारेने दीर्घकाळ ओढून आणावे लागते.

दुसरी उपदाढ मुळातच नसल्यास तिच्या जागेवरील दुधाची दाढ जपण्याचा पर्याय असतो. मुळे शाबूत असलेली अशी दाढ प्रौढ वयातही अनेक वर्षे काम देऊ शकते. 'पुढे कायमचा दात येईलच' या समजुतीने, क्ष-किरण चित्र न पाहता ती काढल्यास कायमची फट राहण्याचा धोका असतो. याच कारणास्तव जागा करण्यासाठी दात काढण्याची योजना आखतानाही विकृतींचा विचार करावा लागतो. गर्दी असलेल्या रुग्णांत बहुधा पहिल्या उपदाढा काढल्या जातात. परंतु एखाद्या बाजूची दुसरी उपदाढ नसल्यास किंवा ती सदोष असल्यास त्या बाजूचा निर्णय बदलतो.

पार्श्व पटाशीचा दात नसल्यास दोन मार्ग असतात. पहिला, सुळा पुढे सरकवून त्याला पटाशीच्या दातासारखा आकार देणे. दुसरा, जागा राखून तेथे कृत्रिम दात बसवणे. हाडात रोवलेला कृत्रिम दात जबड्याच्या वाढीबरोबर खाली सरकत नाही. म्हणून तो वाढ पूर्ण होईपर्यंत बसवत नाहीत आणि मधली वर्षे तात्पुरत्या दातावर काढावी लागतात.

दातांच्या आकारमानातील दोषांमुळे दोन्ही जबड्यांतील दातांचा मेळ बिघडतो. हा मेळ मोजण्यासाठी वेन बोल्टन यांनी १९५८ मध्ये मांडलेले गुणोत्तर वापरले जाते. खालच्या १२ दातांची एकूण रुंदी वरच्या १२ दातांच्या रुंदीच्या सरासरी ९१.३ टक्के, तर पुढच्या सहा-सहा दातांत हे प्रमाण ७७.२ टक्के असते. वरचे पार्श्व दात खुंटीसारखे असल्यास हे गुणोत्तर बिघडते. मग तारेने सर्व दात सरळ करूनही फटी शिल्लक राहतात किंवा चावा नीट बसत नाही. अशा वेळी दाताला भराव देऊन त्याची रुंदी वाढवावी लागते.

पृष्ठभाग आत दुमडलेल्या दातात कीड व जंतुसंसर्ग सहज पोहोचतो. म्हणून अशी खाच वेळेत बुजवली जाते. आखूड मुळांच्या दातांवर तारेचा जोर देताना मुळे आणखी आखूड होण्याचा धोका विचारात घेतला जातो आणि उपचारांदरम्यान क्ष-किरण चित्राने त्यांची पुन्हा पाहणी केली जाते.

आकड्यांचे वाचन

दंतविकृतींविषयीचा कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या गटातून आला, कोणत्या विकृती व कोणते दात मोजले, रुग्णांचे वय काय होते आणि क्ष-किरण चित्रे वापरली होती का, हे पाहणे आवश्यक असते. या माहितीविना दिलेल्या एकूण टक्केवारीतून फारसा बोध होत नाही. त्यापेक्षा एकेका विकृतीचे प्रमाण आणि विकृतींचे परस्परसंबंध उपचारांच्या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरतात. उपचारांसाठी आलेल्या रुग्णाचे दात मोजणे, न उगवलेल्या दातांचा शोध घेणे आणि एक विकृती आढळल्यास इतर विकृतींची तपासणी करणे, ही कार्यपद्धती एकूण प्रमाण ५ टक्के मानले काय किंवा ७५ टक्के मानले काय, सारखीच राहते.